विसळण्याचं पाणी

स्टीलच्या कळशीच्या आत, काठापासून चार बोटं खाली, एक पांढरी रेघ बसली होती. मार्चमध्ये ती सुतासारखी बारीक होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात करंगळीएवढी रुंद झाली. चांगुणानं तिच्यावरून नख ओढलं आणि निघालेली भुकटी जिभेच्या टोकाला लावली. खारट कमी, तुरट जास्त. बोअरचं पाणी जसजसं खाली चाललं होतं तसतसे त्यातले क्षार वाढत होते. पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. समुद्रात असो की लातूरच्या भाड्याच्या खोलीतल्या कळशीत, नियम तोच.

चांगुणा सोनकांबळे लातूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिची पीएच.डी. मात्र समुद्राच्या पाण्यातल्या मिठावर होती. नोकरीच्या मुलाखतीत एका संचालकानं विचारलं होतं, "बाई, लातूरला समुद्र कुठून आणायचा आम्ही?" सगळे हसले होते. ती हसली नव्हती, तरी नोकरी मिळाली होती.

त्या दिवशी सकाळच्या एसटीनं तिची आई, केवळाबाई, औशाजवळच्या गावाहून आली. हातात पिशवी, पिशवीत ज्वारीच्या भाकरी. तिनं बसायच्या आधीच विचारलं, "तुझ्या त्या मन्मथ सायबाचं भाषण झालं म्हणं औशाला?"

"झालं."

"समुद्रात मीठ कमी झालंय, तवा यंदा पाऊस लई हाय म्हणं. सरपंच गावभर सांगून राहिला. तळ्याचं पाणी उसाला सोडायलेत. पाऊस येतोयच तर ठेवून काय लोणचं घालायचं, म्हणतो."

चांगुणानं कळशी खाली ठेवली. "सोडायचं कोणी ठरवलं?"

"मंगळवारी मीटिंग हाय कलेक्टरकडं. कारखान्याचा चेअरमन तर गेटाला तेल लावून बसलाय." केवळाबाईनं पदरानं मान पुसली. "तू मन्मथ सायबासंगंच शिकलीस न्हवं? मग सांग की. खरं हाय का ते?"

"बघावं लागेल, आई."

"बघ. आपल्या वस्तीची हीर तळ्याच्या झिरप्यावर जगून हाय. तळं गेलं की हीर गेली. मग टँकर. आन् टँकर आधी कोणाच्या दारात थांबतो ते तुला सांगायला नको." पिशवीतल्या भाकरी बाहेर काढत ती म्हणाली, "एवढं शिकलीस आन् हाव-न्हाई सांगता येईना तुला."

त्यावर चांगुणाकडं उत्तर होतं. चार वर्षं होतं. म्हणून तर ती गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी तिनं नांदेडची बस धरली. खिडकीतून तापलेली हवा येत होती आणि बंद केली तर गुदमरायला होत होतं. अहमदपूर मागं पडेपर्यंत रस्त्याच्या कडेला कुठं हिरवं दिसलं तर ते बाभळीचं, नाहीतर उसाचं.

विशाखापट्टणमच्या विद्यापीठात ती आणि मन्मथ एकाच प्राध्यापकाच्या हाताखाली शिकले होते. मन्मथ औशाकडचा, लिंगायत, तिच्याहून तीन वर्षं पुढं. प्रश्न दोघांचा एकच होता. बंगालच्या उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, आपली गोदावरी असं सगळ्यांचं गोडं पाणी येऊन पडतं. ते हलकं असतं, म्हणून खाऱ्या पाण्यावर सायीसारखं पसरतं. ही साय असली की खालचं गार पाणी वर येत नाही, ऊन वरच्या वर साठतं, समुद्राचा पृष्ठभाग उबदार राहतो आणि ढगांना बळ मिळतं. साय विस्कटली, वरचं पाणी खारट झालं, की वारा त्याला सहज ढवळतो, खालचा गारवा वर येतो. इथपर्यंत सगळं खरं होतं. पुस्तकात होतं, समुद्रातही होतं. मन्मथनं पुढचं पाऊल टाकलं. पावसाळ्याआधी उपसागराच्या एका पट्ट्यात मीठ किती, हे मोजलं की मराठवाड्यात पाऊस किती पडणार ते सांगता येतं, असं त्याचं सूत्र होतं. सहा वर्षांत जहाजाच्या सहा फेऱ्या झाल्या. दोन वर्षं मीठ जास्त निघालं, त्याच दोन वर्षी इकडं पावसानं दगा दिला. निबंध छापून आला. पहिलं नाव मन्मथचं, दुसरं तिचं. दोघांच्याही पदव्या त्याच आकड्यांवर झाल्या.

जहाजावर ती कधीच गेली नाही. बायकांची सोय नाही, असं उत्तर मिळायचं. मन्मथ जायचा, पेट्या भरून बाटल्या आणायचा आणि ती किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत एकेक बाटली यंत्राला लावून मीठ मोजायची. तिच्या मापात चूक नव्हती. ती तेच ते पाणी पुन्हा पुन्हा तपासायची, इतकी की प्रयोगशाळेतली पोरं तिला मिठाई म्हणायची.

चूक कुठं होती ते मन्मथनं स्वतःच सांगितलं, आणि तेही विनोद म्हणून. चार वर्षांपूर्वी नांदेडला त्याचा सत्कार होता. हार गळ्यात तसाच ठेवून तो माईकवर हातवारे करत बोलत होता. "मी पडलो औशाकडचा. आमच्याकडं तांदूळ धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं म्हशीला. जहाजावर साहेब सांगायचे, प्रत्येक बाटली भरण्याआधी तीनदा विसळा, आणि पाणी फेकून द्या. फेकून द्या म्हणे! माझा हातच वळेना. मग मी काय करायचो, पहिल्या बाटलीचं विसळलेलं पाणी दुसरीत, दुसरीचं तिसरीत, तिसरीचं चौथीत. एका बादलीत अख्खी पेटी. बंगालच्या उपसागराच्या मधोमध उभं राहून पाणी वाचवणारा मी जगातला पहिला माणूस."

सभागृह हसून हसून लोळलं. जमलेल्या प्रत्येकाच्या घरात ते पाणी तसंच फिरत होतं. चांगुणाही हसायला लागली आणि मध्येच थांबली.

जुन्या बाटल्यांच्या तळाशी मागच्या फेरीचं पाणी सुकून मीठ धरलेलं असतं. ते निघावं म्हणून तर तीनदा विसळायचं. पाणी एका बाटलीतून दुसरीत जात गेलं तर ते मीठ गोळा करत जाणार आणि पेटीच्या शेवटच्या बाटल्यांत सोडणार. त्या आठवड्यात तिनं सगळे आकडे नव्यानं मांडले. कुठल्या जागेचं पाणी हे न बघता, पेटीतली कितवी बाटली एवढंच बघितलं. दोन वर्षं मीठ जास्त निघालं होतं, त्या दोन्ही फेऱ्यांत बाटल्या जुन्या होत्या. आणि त्या पेट्यांत मीठ पहिल्या बाटलीपासून शेवटच्या बाटलीपर्यंत चढत गेलं होतं. जहाज उत्तरेला चाललेलं असो की दक्षिणेला, चढ तोच. समुद्राला पेटी कळत नाही. ते मीठ समुद्राचं नव्हतंच.

तिनं मन्मथला लगेच सांगितलं होतं. तो आधी हसला, मग कागद हातात घेऊन बराच वेळ बसला. "पुढच्या फेरीत नीट घेऊ," म्हणाला. "तोवर राहू दे." राहू दिलं. एक वर्ष, दुसरं वर्ष. तोवर सूत्र वर्तमानपत्रात आलं, मग भाषणांत आलं.

ती का गप्प बसली याची कारणं तिला पाठ होती. एक कारण तिची स्वतःची पदवी. दुसरं विशाखापट्टणमच्या मेसमधलं. पहिल्या महिन्यात तिच्या टेबलाशी कोणी बसत नसे. मन्मथ एक दिवस ताट घेऊन समोर येऊन बसला, तिच्या डब्यातलं कारळ्याची चटणी लावलेलं भाकरीचं चतकोर उचललं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही आमच्या तालुक्याची चव आहे, तुम्हाला नाही कळायची." त्यानंतर टेबल भरायला लागलं. एवढ्याशा चतकोराचं ओझं तिनं इतकी वर्षं वाहिलं होतं.

मन्मथ विष्णुपुरीला राहायचा, इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसाहतीत. दार त्याच्या बायकोनं, दानम्मानं उघडलं. मन्मथ पंख्याखाली बसून आंबा पिळत होता.

"या, या. लातूरची मंडळी आली, पाणी झाकून ठेवा गं," तो म्हणाला.

दानम्मा हसली आणि पाणी घेऊन आली. निळ्या फुलांचा काचेचा पेला. या घरात चांगुणाला पाणी नेहमी त्याच पेल्यात यायचं आणि दुसऱ्या कोणाच्या हातात तो तिनं कधी पाहिला नव्हता. मन्मथला हे दिसत होतं की नाही, हेही तिनं कधी विचारलं नव्हतं.

"अण्णा, मंगळवारचं भाकीत मागं घ्या," ती म्हणाली.

"बस तर आधी."

"बसते. तुम्ही मागं घ्या."

त्यानं कोय बशीत टाकली. "यंदाचा आकडा बघितलास? मीठ कमी आहे. बाटल्या नव्या होत्या, मी जहाजावर नव्हतो, विसळण्याचं पाणी कोणी वाचवलं नाही. आकडा अगदी खरा आहे."

"आकडा खरा आहे. तो ज्या सूत्रात घालताय ते सूत्र खोटं आहे."

"सूत्र कच्चं आहे म्हण."

"सहातली दोन वर्षं काढली तर त्यात काही उरत नाही. मी काढून बघितलंय, तुम्हीही बघितलंय. आणि यंदा पॅसिफिक तापलाय. तिकडचा पाऊस पूर्वेला सरकलाय, तिथलं गोडं पाणीही सरकलंय. अशा वर्षी आपल्याकडं पाऊस ओढ देतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतं."

"कुठं पॅसिफिक, कुठं औसा."

"उपसागर तरी औशाला कुठं चिकटलाय?"

तो मनापासून हसला. त्याचं हसू तिला अजून आवडायचं, याचाच तिला राग आला. हात धुऊन तो परत बसला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

"हे बघ. जिल्हा होऊन पाच वर्षं होत आली. लातूरला अजून धड ऑफिसं नाहीत, पाऊस मोजायची यंत्रं निम्मी मोडलेली. कलेक्टरनं हवामान केंद्राचा प्रस्ताव पाठवलाय तो या भाषणांमुळं. ते झालं की तुला मी पहिली तिथं घेणार. मग मोजू की आपण खरं. तुझ्या पद्धतीनं, तीनदा काय तेरादा विसळून."

"आणि तोवर तळं?"

"पाऊस आला तर भरेल."

"नाही आला तर?"

"नाही आला तर निसर्ग. बाई, पाऊस निम्म्या वेळा बरा येतोच. आला तर मी खरा. नाही आला तर कोणी मला विचारत नाही, सगळे आभाळाकडं बघतात."

"म्हणजे तुम्ही दोन्हीकडून सुटलात. तळ्याखाली माझी आई राहते."

"माझी चुलतीही राहते. तिचा ऊस वाळतोय."

दानम्मा दारात येऊन उभी राहिली होती.

"आणि एक सांगतो, राग मानू नकोस," मन्मथ म्हणाला. "त्या बाटल्या गेल्या तर माझाही प्रबंध जातो आणि तुझाही. माझं काय होईल? चार दिवस बोलतील, नोकरी पक्की आहे, माणसं आपली आहेत. तुझं काय? लोक म्हणतील, यांना पदव्या अशाच मिळतात. मी नाही म्हणत. लोक म्हणतील."

चांगुणानं त्याच्याकडं पाहिलं. तो खरोखर तिची काळजी करत असल्यासारखा दिसत होता. कदाचित करतही असेल. तेच जास्त झोंबलं.

"जेवून जा की," दानम्मा म्हणाली.

"नको वहिनी. बस निघेल."

पेल्यातलं पाणी तिनं प्यायलं नव्हतं. परत जाताना गोदावरीच्या पुलावरून तिनं खाली पाहिलं. पात्रात टरबुजांचे वेल पसरले होते आणि मध्ये एका डबक्याभोवती धोबी कपडे आपटत होते. यंदा इथून समुद्राकडं काही गेलं असेल, तर एवढंच.

मंगळवारी मीटिंग नव्या कलेक्टर ऑफिसात होती. नवं म्हणजे जिल्ह्याला नवं. जागा एका बंद पडलेल्या तेलगिरणीची. भिंतींना चुना दिला होता, तरी ऊन चढलं की करडईच्या पेंडीचा वास जमिनीतून वर यायचा. लांब टेबलाच्या एका टोकाला कलेक्टर, त्यांच्या उजव्या हाताला कारखान्याचे चेअरमन आणि मन्मथ. चांगुणाला दाराजवळची खुर्ची मिळाली. शिपायानं तिला आधी, "बाई, स्टेनो का?" असं विचारून घेतलं होतं.

पाणीपुरवठ्याचा डेप्युटी इंजिनिअर नजीर उभा राहिला. लातूरच्याच जुन्या घरातला, आवाजानं मऊ माणूस. "साहेब, तळ्यात जे आहे ते फक्त पिण्यापुरतं आहे. जपून दिलं तर ऑगस्टपर्यंत खालची गावं तगतील. उसाला एक आवर्तन सोडलं तर जूनअखेर गाळ दिसेल. मग मी टँकर भरायचे कुठून?"

"पाऊस येऊन राहिलाय की नजीरभाई," चेअरमन म्हणाले. "प्रोफेसरसाहेबांनी समुद्रात जाऊन बघून आणलंय. तुम्ही तळ्याच्या पुढं कधी गेलात का?"

हशा झाला. नजीरही हसला. "नाही गेलो. प्रोफेसरसाहेबांना सलाम आहे आपला. फक्त एवढंच की, पाऊस नाही आला तर बाया घागरी घेऊन समुद्रावर जाणार नाहीत. माझ्या दारात येतील. माझी आई आत्तापासूनच मला घरी म्हणते, तू बाहेर सांगत जाऊ नको पाण्याच्या खात्यात आहे म्हणून."

पुन्हा हशा झाला आणि त्यात त्याचं म्हणणं वाहून गेलं.

मग मन्मथ बोलला. तो चांगला बोलायचा. गोड्या पाण्याची साय, खालचा गारवा, वरची ऊब, हे सगळं त्यानं दुधाच्या पातेल्याचं उदाहरण देऊन सांगितलं. तहसीलदारसुद्धा मान डोलवायला लागले. चांगुणा ऐकत होती. प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि ती खरी वाक्यं एकावर एक रचून त्यानं वर ते एक खोटं ठेवलं: "यंदा आपल्या जिल्ह्यात पाऊस सरासरीपेक्षा जास्त राहील."

"म्हणजे पाणी राखून ठेवण्याचं कारण नाही," चेअरमन म्हणाले.

"तसं म्हणता येईल," मन्मथ म्हणाला. तेवढं म्हणताना त्यानं दाराकडं पाहिलं नाही.

कलेक्टर तरुण होते, बाहेरच्या राज्यातले. मराठी जपून बोलायचे. समोर आदेशाचा कागद तयार होता. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि मग, कोणी राहून जायला नको अशा शिस्तीनं, टेबलावरून नजर फिरवत दारापर्यंत आणली.

"मॅडम, त्या शोधनिबंधावर दुसरं नाव आपलं आहे ना? आपल्याला काही सांगायचं आहे?"

चांगुणा उठायच्या आत मन्मथ बोलला. "त्या आमच्या घरच्याच आहेत साहेब. आमचं दोघांचं मत एकच आहे."

कलेक्टरांनी मान हलवली. त्यांची नजर कागदाकडं परत निघाली होती.

चांगुणा उभी राहिली. खुर्ची भिंतीला लागून आवाज झाला. तिला वाटलं होतं, हा क्षण आला की आकडे विसरतील. तसं काही झालं नाही. तिला फक्त अतिशय कंटाळा आला होता. चार वर्षं जपलेल्या गोष्टीचा, त्या चतकोराचा, लोक काय म्हणतील याचा, आणि त्या निळ्या फुलांचाही. नजीर हातातली फाईल मिटवता मिटवता थांबला. मन्मथनं आता पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं, आणि अगदी बारीक मान हलवली. नको.

"साहेब, आमचं मत एक नाही," ती म्हणाली. वर्गात बोलते तेवढ्याच आवाजात. "हे भाकीत चुकीचं आहे. दोन वर्षं जे मीठ जास्त निघालं ते समुद्राचं नव्हतं, नीट न विसळलेल्या बाटल्यांचं होतं. हे मला माहीत आहे आणि सरांनाही माहीत आहे. माझी पीएच.डी. त्याच आकड्यांवर झाली आहे. ती रद्द करा असं मी आज विद्यापीठाला कळवणार आहे. यंदा पाऊस येईल की नाही हे मला माहीत नाही, आणि या खोलीत ते कोणालाच माहीत नाही. तळ्याचं गेट उघडू नका."